टंकयंत्राची साक्ष

सर्वोच्च न्यायालयात वकिलांच्या तोंडी काही नावे मंत्रासारखी बसून गेलेली असतात. परिस्थितिजन्य पुराव्याचा प्रश्न निघाला की 'हनुमंत' एवढा एकच शब्द उच्चारला जातो आणि समोरच्या न्यायमूर्तींना अधिक काही सांगावे लागत नाही. तो शब्द उच्चारणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा हनुमंत कोण, कोठला, त्याच्यावर कोणता प्रसंग गुदरला होता, हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची त्यांना गरजही भासत नाही. आम्हां परप्रांती नोकरी करणाऱ्यांना मात्र ती भासली पाहिजे. कारण हनुमंत गोविंद नरगुंदकर हे आपल्यासारखेच एक सरकारी नोकर होते. मध्यप्रांत-वऱ्हाडचे आबकारी आयुक्त, मुक्काम नागपूर. त्यांच्यावर जे बालंट आले त्याचा एक मोठा भाग एका टंकलिखित पत्रावर उभा होता. आणि टंकलिखित पत्र म्हणजे काय चीज आहे, हे आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांइतके दुसरे कोण जाणते?

हकीकत अशी. सन १९४६ च्या सप्टेंबरात सिवनी येथील दारूच्या भट्टीच्या मक्त्यासाठी सरकारने निविदा मागविल्या. मक्ता १९४७ च्या एप्रिलपासून पुढे चार वर्षांचा होता. निविदा मोहोरबंद लिफाफ्यांतून यावयाच्या होत्या, ३१ ऑक्टोबर ही अखेरची तारीख होती. पाच निविदा आल्या. त्यांतील एक आर. एस. पटेल यांची. हे गृहस्थ साखर-तंत्रज्ञ व रसायन-अभियंते होते आणि नरगुंदकरांशी त्यांचा स्नेह होता. लिफाफे ९ नोव्हेंबर रोजी आयुक्तांच्या स्वाधीन झाले आणि ११ नोव्हेंबर रोजी ते कचेरीत पुढील टिपणासाठी देण्यात आले. पंचांग काढून पाहिले तर ९ तारीख शनिवार होती व ११ तारीख सोमवार. शनिवारी घरी नेलेले कागद सोमवारी परत आणणे ही गोष्ट कोणत्या अधिकाऱ्याने आयुष्यात केलेली नाही? परंतु सरकारपक्षाचे म्हणणे असे की, त्या मधल्या वेळात आयुक्तांच्या घरी लिफाफे फोडण्यात आले, एका प्रतिस्पर्ध्याचे दर पटेलांना कळविण्यात आले आणि त्यांहून कमी दरांची नवी निविदा पहिलीच्या जागी ठेवण्यात आली. मक्ता पटेलांना मिळाला.

एवढ्यावरच आरोप थांबला नाही. २० नोव्हेंबर १९४६ ही तारीख असलेले एक पत्र दप्तरात होते. ते पत्र त्या तारखेचे नसून पुढे केव्हातरी, आपल्या बाजूचा पुरावा तयार करून ठेवण्यासाठी, मागील तारीख घालून टंकित केलेले आहे, असे सरकारपक्षाने मांडले. खटल्यात या पत्रास निशाणी पी-२४ असा क्रमांक पडला. आमच्या या लेखाचा विषय मुख्यतः हे पत्र होय.

पत्र मागाहून लिहिलेले आहे हे सिद्ध कसे करावयाचे? सरकारपक्षाने त्यासाठी एक टंकयंत्र न्यायालयात आणले. 'वस्तू ब' या नावाने ते खटल्यात नोंदले गेले. हे यंत्र ३० डिसेंबर १९४६ रोजी खरेदी झाले होते; त्यापूर्वी ते नागपुरात आलेच नव्हते. आता पत्र याच यंत्रावर उमटलेले आहे असे दाखविता आले तर काम फत्ते. जे यंत्र डिसेंबरअखेर गावात आले, त्यावर नोव्हेंबरात पत्र कसे टंकित होईल? मग काही तज्ज्ञांना साक्षीस बोलावण्यात आले आणि पत्रातील अक्षरे व यंत्रावरील खिळे यांचा मेळ बसतो असे त्यांच्याकडून वदविण्यात आले.

हा युक्तिवाद ऐकताक्षणी बिनतोड वाटतो. खास दंडाधिकाऱ्यांना तो तसाच वाटला. त्यांनी दोघांही आरोपींना तिन्ही आरोपांखाली दोषी ठरविले: कट, निविदेची बनावट आणि पत्राची बनावट. सश्रम कारावास आणि दंड अशी शिक्षा झाली. सेशन्स न्यायाधीशांनी कटाचा आरोप काढून टाकला, पण बनावटीचे दोन्ही कायम ठेवले. पी-२४ च्या बाबतीत दोन्ही न्यायालयांची भिस्त या यंत्रावरच होती.

येथे क्षणभर थांबून त्या यंत्राचाच विचार करू. टंकयंत्रावर लिहिलेल्या मजकुरावरून यंत्र ओळखता येते ही कल्पना काही नागपुरात जन्मलेली नव्हती. अमेरिकेतील अल्बर्ट ऑस्बर्न याने संशयित लेखांवरील आपला ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला, त्यात या विषयाचा शास्त्रोक्त विचार होता. यंत्र नवे असताना एका बनावटीची सर्व यंत्रे जवळजवळ सारखेच अक्षर उमटवितात. वापराने ती वेगळी होत जातात. एखाद्या खिळ्याची शेपटी तुटते, एखादे अक्षर ओळीच्या किंचित वर बसू लागते, एखादे उजवीकडे झुकते, कोणाचा डावा पाय फिका उमटतो. असे पाचसहा दोष एकाच मजकुरात एकत्र आढळले तर तोच मेळ दुसऱ्या यंत्रात असण्याचा संभव फार थोडा. या ज्ञानाची थोरवी आम्ही नाकारीत नाही. आमच्या कचेरीत यंत्रे होती त्या काळचे जुने टंकलेखक कार्बन प्रत पाहून ती कोणत्या मेजावरून आली हे सांगत, असे ज्येष्ठांकडून आम्ही ऐकलेले आहे.

पण वरच्या वाक्यातच त्या विद्येची मर्यादाही दडलेली आहे. दोष वापराने येतात. डिसेंबरअखेर खरेदी केलेल्या यंत्राला स्वतःची अशी खूण असेल तर ती केव्हा पडली? तपासाच्या वेळी यंत्रावर जी खूण दिसते ती पत्र उमटले त्या दिवशीही होती हे कशावरून? त्याच बनावटीची इतर किती यंत्रे तज्ज्ञाने तपासून बाजूस सारली? जुळणारी अक्षरे किती, न जुळणारी किती, आणि न जुळणाऱ्यांचे काय केले? तज्ज्ञाला विचारण्याचे खरे प्रश्न हे. शिवाय एक प्रश्न तज्ज्ञाच्या कक्षेबाहेरचा, पण सर्वांत मोठा: यंत्र ओळखता आले तरी त्याच्या कळांवर बोटे कोणाची होती? हस्ताक्षर माणसाचे असते, टंकाक्षर यंत्राचे. कचेरीत जो मोकळा असेल तो मोकळ्या यंत्रावर बसतो.

असे असताना प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा जे घडले ते निराळेच होते. त्यासाठी पुराव्याच्या कायद्याकडे वळले पाहिजे.

साक्षीदाराने पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे, स्वतःचे मत सांगू नये, हा आपल्या पुरावा-कायद्याचा मूळ नियम. त्याला अपवाद तज्ज्ञाचा. १८७२ सालच्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या ४५ व्या कलमात हा अपवाद घातलेला होता: परकीय कायदा, शास्त्र, कला आणि हस्ताक्षराची ओळख एवढ्या विषयांत जाणकारांचे मत ग्राह्य धरावे. हा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला त्या वेळी टंकयंत्र बाजारात आलेले नव्हते; रेमिंग्टन कंपनीचे यंत्र १८७४ मध्ये विक्रीस आले. कायदा यंत्राहून दोन वर्षांनी वडील होता. त्यामुळे त्यात टंकलेखनाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते.

असा पेच पूर्वीही एकदा पडला होता, आणि तो कसा सोडविला गेला हे पाहण्यासारखे आहे. बोटांच्या ठशांची विद्या बंगालमध्ये एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी शास्त्रशुद्ध पायावर आणली आणि १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे पहिले कार्यालय निघाले. त्याच सुमारास जलपैगुडीच्या एका चहाच्या मळ्यातील व्यवस्थापकाचा खून झाला. एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेला ठसा मिळाला आणि तो एका जुन्या गुन्हेगाराच्या ठशाशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाच्या आरोपातून सोडले. एका ठशावर माणूस फासावर चढविण्यास मन धजले नाही. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, कायदेमंडळाने ४५ व्या कलमात बोटांच्या ठशांचा समावेश केला. म्हणजे नवी विद्या आली, तिची परीक्षा झाली, आणि कायद्याने तिला नाव घेऊन आत घेतले. टंकलेखनाच्या बाबतीत असे कोणी काही केले नाही. पन्नास वर्षे भारतभरच्या कचेऱ्यांत यंत्रे खडखडत राहिली आणि कायद्याच्या लेखी ती जन्मास आलेलीच नव्हती.

नागपूरच्या उच्च न्यायालयाने ९ मार्च १९५० रोजी निकाल दिला. टंकयंत्राविषयीचे तज्ज्ञांचे मत ४५ व्या कलमात बसत नाही, सबब ते पुरावा म्हणून घेताच येत नाही, असे न्यायमूर्तींनी ठरविले. येथपर्यंत आरोपींच्या दृष्टीने सर्व ठीक. पण पुढे त्याच निकालपत्रात त्यांनी त्या तज्ज्ञांच्या मताची चर्चा केली आणि त्यावर थोडीबहुत भिस्तही ठेवली! शिक्षा कायम राहिली. ज्या साक्षीदाराला दाराबाहेर काढले त्याचेच म्हणणे खिडकीतून ऐकण्यासारखा हा प्रकार होता. आम्हांला या न्यायमूर्तींना दोष द्यावासा वाटत नाही. एकदा ऐकलेली गोष्ट न ऐकल्यासारखी करणे हे मनुष्याच्या मनाला फार अवघड आहे. आणि 'यंत्र नंतर आले, मग पत्र आधी कसे?' हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की तो सहजासहजी निघत नाही.

राज्यघटनेच्या १३६ व्या कलमाखाली खास परवानगी घेऊन दोन्ही आरोपी दिल्लीस आले. त्या वेळी सर्वोच्च न्यायालय आजच्या तिलक मार्गावरील इमारतीत नव्हते. संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात ते भरत असे व १९५८ पर्यंत तेथेच होते. २३ सप्टेंबर १९५२ रोजी निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांनी लिहिले आणि ते आजही वाचण्यासारखे आहे. टंकयंत्राच्या तज्ज्ञांबाबत त्यांनी जे म्हटले ते थोडक्यात असे: त्यांचे मत ग्राह्य नाही हे उच्च न्यायालयाचे म्हणणे बरोबर आहे, आणि आमच्यापुढे कोणी त्यास हरकत घेतलेली नाही, नवल एवढेच की, पुरावा अग्राह्य ठरवूनही उच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला, खालच्या दोन्ही न्यायालयांचा निष्कर्ष अग्राह्य पुराव्यावर उभा असल्याने तो सोडून दिला पाहिजे.

तज्ज्ञ गेले की मागे उरले काय? आरोपींची स्वतःची कथने. त्यांविषयी महाजनांनी दुसरा नियम सांगितला, आणि तोही पुढे शेकडो खटल्यांत उपयोगी पडला. आरोपीचे कथन वापरावयाचे तर सबंध वापरले पाहिजे. त्यातील गैरसोयीचा भाग टाकून सोयीचा तेवढा उचलता येत नाही. निविदेच्या बाबतीत तर सरकारपक्षाच्या हाती नुसते जुळविलेले तुकडे होते. यावर लिहिताना त्यांनी एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज न्यायाधीशाचा, बॅरन आल्डरसन यांचा, इशारा स्मरला आहे. माणसाच्या मनाला घटनांचे तुकडे एकमेकांत बसविण्यात एक प्रकारची मौज वाटते. एखादा तुकडा बसत नसेल तर ते थोडा ताणूनही बसविते. आणि मन जितके हुशार तितके ते दुवा नसलेल्या जागी दुवा कल्पून घेण्यास तयार असते, असा त्याचा आशय. म्हणून परिस्थितीवरून दोष ठरवावयाचा तर प्रत्येक गोष्ट आधी पक्की सिद्ध झाली पाहिजे आणि त्या सर्वांतून दोषाखेरीज दुसरा अर्थ निघता कामा नये. दोघेही आरोपी निर्दोष सुटले.

हाच परिच्छेद 'हनुमंत' या नावाने अमर झाला. १९८४ साली पुण्यातील शरद बिरधीचंद सारडा खटल्यात न्यायमूर्ती फजल अली यांनी त्यावरूनच परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे बांधली व त्यांस 'पंचशील' म्हटले. आज जिल्हा न्यायालयातील नवखा वकीलही ती घडाघडा म्हणतो. पण त्याच निकालातील टंकयंत्राविषयीचे चार ओळींचे विधान हेही तितकेच दूरगामी ठरले, आणि आमच्या मते त्याचा पाया फार कच्चा होता. त्याचे कारण निकालातच आहे: त्यास कोणी हरकत घेतली नव्हती. सरकारच्या वकिलांनी मुद्दा सोडून दिला. बचावाला तो लढवावा लागला नाही. लढाईवाचून हाती आलेला किल्ला तो. बचावाच्या वकिलाला यात वाईट वाटण्याचे कारण नाही. त्याच्या अशिलाच्या अंगावर येणारे कोणतेही दार बंद होत असेल तर ते त्याने होऊ द्यावे, त्याचे कर्तव्यच ते. पण याचा परिणाम असा झाला की, टंकयंत्राच्या तज्ज्ञाला खरोखर काय कळते आणि काय कळत नाही, या प्रश्नाची परीक्षा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात झालीच नाही.

योगायोगाची गोष्ट अशी की, नेमक्या त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एक वकील याच्या अगदी उलट मार्गाने चालला होता. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी अल्जर हिस याला जानेवारी १९५० मध्ये खोटी शपथ घेतल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याविरुद्धचा मोठा पुरावा म्हणजे खात्याच्या कागदपत्रांच्या टंकित नकला. हिस कुटुंबाच्या जुन्या पत्रांतील अक्षरे व या नकलांतील अक्षरे एकाच यंत्राची आहेत, असे सरकारी तज्ज्ञाने सांगितले होते. शिक्षेनंतर चेस्टर लेन नावाच्या वकिलाने हे काम हाती घेतले. तज्ज्ञाला दाराबाहेर ठेवण्याची सोय अमेरिकेत नव्हती. तेव्हा त्याने तज्ज्ञाच्या शास्त्राच्या मुळाशीच हात घातला. दोन यंत्रे सारखेच अक्षर उमटविणार नाहीत हे तुमचे गृहीत ना? मग असे दुसरे यंत्र मी तयार करवून दाखवितो! मार्टिन टायटेल या टंकयंत्रांच्या कारागिराला त्याने मूळ यंत्र दाखविले नाही, नुसते त्याच्या मजकुराचे नमुने दिले. आणि टायटेलने पुष्कळ महिने खपून, एकेक खिळा घासून, तसेच दोष उमटविणारे यंत्र घडविले. जानेवारी १९५२ मध्ये लेनने त्याच्या आधारे नव्या सुनावणीचा अर्ज केला. जुलैमध्ये न्यायाधीश गोडार्ड यांनी तो फेटाळला. असे यंत्र कोणी घडवू शकतो हे मानले तरी या प्रकरणात ते कोणी घडविले होते याला पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि ते अगदीच टाकाऊ नव्हते. दोनच महिन्यांनी दिल्लीत नरगुंदकर सुटले.

हिस दोषी होता की नव्हता हा प्रश्न आमचा नाही. पण दोन बचाव शेजारी ठेवून पाहावे. दिल्लीत तज्ज्ञाला एकही प्रश्न न विचारता आरोपी सुटला आणि टंकविद्येविषयी कोणाच्या ज्ञानात काडीची भर पडली नाही. न्यूयॉर्कमध्ये आरोपी तुरुंगातच राहिला, पण 'एकासारखे दुसरे यंत्र असूच शकत नाही' हे वाक्य त्यानंतर कोणाही तज्ज्ञाला पहिल्यासारखे बिनधास्त उच्चारता आले नाही.

भारतात पुढे काय झाले? देशातील टंकलेखन वाढतच गेले. १९५५ मध्ये गोदरेज कंपनीने स्वदेशी यंत्र काढले आणि तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक हुकूम टंकित होऊ लागला. लाचेची प्रकरणे, निनावी अर्ज, बनावट बदल्यांचे आदेश यांचा कागद टंकित असावयाचा. आणि सरकारचे लेख-परीक्षक यंत्राविषयी न्यायालयात मत देऊ लागले की बचावाचा वकील उठून 'हनुमंत' म्हणावयाचा. कित्येक निर्दोषांचे त्यात रक्षण झाले असेल. कित्येक लबाडही सुटले असतील.

या दाराला धक्का बसला तो आपल्या दिल्लीतच. २ ऑक्टोबर १९८२ रोजी सुंदर नगरमध्ये एका व्यापाऱ्याच्या घरी पार्सल आले. ते उघडताच आतील हातबाँबचा स्फोट होऊन तो ठार झाला. आरोप एका सैनिकी अधिकाऱ्यावर आला. पार्सलावरील टंकित मजकूर विशिष्ट यंत्रावरचा आहे हे दाखविण्यासाठी सरकारपक्षाला तज्ज्ञ तपासावयाचा होता. बचावाने १९५२ चा निकाल पुढे केला आणि खाली ती हरकत टिकली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये तेथील खंडपीठाने जुन्या विधानाविषयी शंका प्रदर्शित करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला, आणि १९९६ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठातर्फे निकाल दिला: कायदा हा ज्या काळात वापरावयाचा त्या काळाच्या ज्ञानाच्या प्रकाशात वाचला पाहिजे, टंकलेखनाविषयीचे तज्ज्ञांचे मत ४५ व्या कलमाखाली ग्राह्य आहे, हनुमंत खटल्यातील विधान, तो मुद्दा तेथे वादाचा नसल्यामुळे, बंधनकारक नाही. म्हणजे जो किल्ला लढाईवाचून आला तो, लढाई झाली नव्हती याच कारणास्तव, चव्वेचाळीस वर्षांनी हातचा गेला. याला न्याय म्हणावे की विनोद, हे वाचकांनी ठरवावे. आम्हांला वर्मांचा निकाल योग्यच वाटतो.

ज्या खटल्यासाठी हे सर्व झाले तो मात्र चालतच राहिला. २००८ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली आणि २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. घटना आणि सुटका यांत सत्तावीस वर्षांचे अंतर. तोवर टंकयंत्रेच कचेऱ्यांतून नाहीशी होत आली होती.

तज्ज्ञाला आत घेतले म्हणजे त्याचे म्हणणे खरे मानले असे होत नाही, हे आपल्या न्यायालयांनी हस्ताक्षराच्या बाबतीत पूर्वीच सांगून ठेवले होते. १९८० च्या मुरारीलाल खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी म्हटले, त्याचा आशय असा की, हस्ताक्षर-तज्ज्ञ हा काही गुन्ह्यातील साथीदार नव्हे की त्याच्यावर मुळात अविश्वासच ठेवावा. पण ज्या मानाने त्याची विद्या अपुरी, त्या मानाने सावधगिरी जास्त. त्याने आपली कारणे मांडावी आणि न्यायालयाने ती तपासावी. हे तपासणे न्यायाधीशाच्या हातून आपोआप घडत नाही. त्याआधी कोणीतरी विचारावे लागते. ते काम बचावाच्या वकिलाचे.

ते कसे करावयाचे याचा एक अलीकडचा नमुना आपल्या शेजारच्या देशात घडला, आणि तो नागपूरच्या पत्राशी इतका मिळताजुळता आहे की आम्ही तो वाचून थक्क झालो. पाकिस्तानात माजी पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कन्या मरियम यांनी सादर केलेला एक दस्तऐवज २००६ सालचा म्हणून होता. त्याचा मजकूर 'कॅलिब्री' नावाच्या संगणकी अक्षरवळणात होता, आणि हे वळण जनतेस सर्वत्र मिळू लागले ते २००७ मध्ये. सबब दस्तऐवजावर मागील तारीख घातलेली आहे, असे लंडनच्या एका लेख-तज्ज्ञाने सांगितले. डिसेंबरात आलेले यंत्र आणि नोव्हेंबरातले पत्र. युक्तिवाद अक्षरशः तोच! पण २०१८ च्या फेब्रुवारीत बचावाच्या वकिलांनी त्याची उलटतपासणी केली, तेव्हा २००७ पूर्वीही हे वळण चाचणीच्या आवृत्तीतून संगणकाच्या जाणकारांना उपलब्ध होते हे त्याला मान्य करावे लागले. म्हणजे 'आलेले नव्हते' याचा अर्थ 'दुकानात आलेले नव्हते' एवढाच निघाला. खालच्या न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये शिक्षा दिली खरी. सप्टेंबर २०२२ मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने मरियम यांना निर्दोष सोडले.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून १८७२ चा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. जुन्या ४५ व्या कलमाची जागा आता ३९ व्या कलमाने घेतली आहे, आणि त्यात शास्त्र, कला यांच्या पुढे 'अन्य कोणतेही क्षेत्र' असे शब्द घातले आहेत. दार आता इतके रुंद झाले आहे की कोणताही तज्ज्ञ त्यातून आत येईल. मोबाइलच्या मनोऱ्यांच्या नोंदी, आवाजाचे नमुने, संगणकातील तारखा यांच्या आधारे साक्षी होतात आणि त्यांत सरकारी नोकरांचेही खटले असतात. फाइलीवर टिपण कोणत्या मिनिटाला चढले हे यंत्र आता स्वतःच लिहून ठेवते. पण दुसऱ्याच्या संकेतशब्दाने कोण बसले होते हे ते लिहीत नाही. आणि सहायकाने साहेबांच्या खात्यात शिरून टिपण पुढे ढकलण्याचा प्रघात कोणकोणत्या कचेऱ्यांत आहे, हे आम्ही येथे लिहिण्याचे कारण नाही.

पी-२४ चे मात्र शेवटपर्यंत काय ठरले? ते 'वस्तू ब' वर उमटले होते की अन्य एखाद्या यंत्रावर, याचा निर्णय पुराव्याची धड छाननी करून कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही. दोन न्यायालयांनी तज्ज्ञांचा शब्द मानला, तिसऱ्याने तो अग्राह्य म्हणून पुन्हा जवळ केला, आणि चौथ्याने सोडून दिला. नरगुंदकर निर्दोष ठरले ते सिद्ध न झाल्यामुळे, आणि कायद्याने तेवढे पुरेसे आहे. १९४६ च्या त्या शनिवारपासून निकालाच्या मंगळवारपर्यंत पावणेसहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मध्यंतरी प्रांताचे नाव बदलून मध्यप्रदेश झाले होते, आणि सिवनीच्या ज्या मक्त्यावरून हे सारे घडले त्याची चार वर्षांची मुदत संपूनही दीड वर्ष झाले होते.